बर्फात ठासणीची बंदूक: पेनसिल्व्हेनियाच्या फ्लिंटलॉक हंगामात हरणाची शिकार

पेनसिल्व्हेनियात २६ डिसेंबरला हरणाचा फ्लिंटलॉक हंगाम सुरू होतो आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत, काही वर्षी त्याच्याही थोडा पुढे चालतो. १९७४ साली राज्याच्या मोजक्या गेम लँड्सवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनींवर, याची सुरुवात झाली. तेव्हापासून अट एकच आहे. बंदूक तोंडाकडून ठासून भरायची हवी आणि बार चकमकीच्या ठिणगीनेच उडायला हवा. केपवाली, म्हणजे टोपीसारख्या छोट्या स्फोटकाने बार पेटवणारी, चालत नाही, आधुनिक धाटणीची ठासणीची बंदूक, म्हणजे इनलाइनही चालत नाही. त्या दोन्ही बंदुका ऑक्टोबरच्या हंगामात वापरता येतात.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काही जण आता शिकारीचं लायसन्स काढू लागले आहेत आणि या हंगामाबद्दल विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही अनेक घरांत दिसतात, पण परवाना पिकासाठी असतो, हरणासाठी नव्हे. पेनसिल्व्हेनियातली गोष्ट वेगळी आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, त्यांच्या चरण्याने जंगलातली कोवळी रोपं वर येत नाहीत, आणि राज्याचं गेम कमिशन दर वर्षी किती हरणं मारायची याचा भागवार हिशेब करून लायसन्स देतं.

या शिकारीत लोक थंडीला घाबरतात. खरं तर काळी दारू कडाक्याच्या थंडीतही पेटते. घात करतो तो ओलावा. खाली जे जे सांगितलं आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त दारू आणि चकमक कोरडी ठेवण्याबद्दलच आहे.

आधी कागदपत्रं

पहिल्यांदाच लायसन्स काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. नेहमीच्या लायसन्सशिवाय मझललोडरचं, म्हणजे ठासणीच्या बंदुकीचं, वेगळं लायसन्स लागतं. कोणत्या भागात किती फाट्यांच्या शिंगांचा नर चालतो, मादीसाठी कोणता टॅग (मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी) लागतो, रोजच्या वेळा काय आहेत, हे सगळं गेम कमिशनच्या वार्षिक पुस्तिकेत असतं. ती दर वर्षी नव्याने वाचा, कारण नियम बदलतात. अंगावर भगवा जॅकेट आणि टोपी मात्र घालाच, मग त्या हंगामात नियमाने सक्ती असो वा नसो. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, पण झाडीपलीकडच्या माणसाला दिसतो.

तुम्ही व्हिसावर असाल तर बंदूक विकत घेण्याआधी किंवा कुणाची हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. ठासणीच्या बंदुकीला काही कायदे लागू होत नाहीत असं ऐकून गप्प बसू नका. इमिग्रेशनच्या बाबतीत ऐकीव माहिती महागात पडते.

बंदूक, दारू, गोळी

नवख्याने .५० कॅलिबरची घ्यावी. सुटे भाग, गोळ्या, गज (बार ठासायची दांडी), सगळं सहज मिळतं. गोळी म्हणजे मऊ शिशाची गोल गोळी, साधारण ०.४९० इंच व्यासाची. ती तेलकट सुती कापडाच्या तुकड्यात, म्हणजे पॅचमध्ये, गुंडाळून नळीत घट्ट बसते. अशा गोळीचं वजन जेमतेम साडेअकरा ग्रॅम भरतं आणि तिचा जोर अंतराबरोबर फार लवकर ओसरतो. त्यामुळे ७५ यार्डांपलीकडे मी गोळी झाडत नाही. तुम्ही पहिल्या वर्षी ५० यार्डांवर थांबा.

दारू खरी काळीच हवी: ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. तिच्याऐवजी मिळणाऱ्या पर्यायी दाण्यांना पेटायला जास्त उष्णता लागते, आणि चकमकीची ठिणगी ती पुरवू शकत नाही. केपच्या बंदुकीत ते छान चालतात, इथे नाही. बिनधुराची आधुनिक दारू तर कधीच नाही, चिमूटभरही नाही. नळी फुटते आणि माणूस जातो. नळीसाठी दोन एफ किंवा तीन एफ जाडीची दारू घ्या, रंजकासाठी, म्हणजे बाहेरच्या वाटीत घालून ठिणगीने पेटवायच्या दारूसाठी, सर्वांत बारीक, चार एफची. किती घालायची हे बंदुकीसोबत आलेल्या माहितीपत्रकातच पाहा. माझ्या बंदुकीला तीन एफची ७० ग्रेन पुरते आणि हरीण जागेवर पडायला तेवढी पुष्कळ आहे. जास्त दारू घातली की गोळीचा पल्ला फारसा वाढत नाही, धक्का मात्र वाढतो आणि धक्क्याच्या भीतीने नेम बिघडतो.

थंडीसाठी बंदूक तयार करणं

दुकानातून आलेली किंवा गेल्या हंगामानंतर ठेवलेली बंदूक तेलाने माखलेली असते. हिवाळ्यात ते तेल घट्ट होतं. घोडा जड पडतो, गारगोटी मंद आपटते आणि ठिणग्या कमी पडतात. म्हणून लॉक, म्हणजे घोडा आणि चकमकीची यंत्रणा, उघडून जुनं तेल पुसून काढा आणि फक्त घासणाऱ्या जागी पातळ, थंडीत न गोठणाऱ्या तेलाचा थेंबभर हात लावा. नळीतून कोरडे पॅच फिरवा, अगदी पांढरे बाहेर येईपर्यंत. नंतर रंजकाच्या वाटीत थोडी दारू घालून बार न भरता एकदा भडका उडवा. वाटीतून नळीत आग नेणाऱ्या छिद्राच्या तोंडाशी राहिलेलं तेल त्याने जळून जातं.

आता फ्रिझन, म्हणजे वाटीवरचं पोलादी झाकण, ज्यावर गारगोटी आपटते. त्याच्या घासणाऱ्या तोंडावर तेलाचं बोटही लागता कामा नये. मी अल्कोहोलने फ्रिझन आणि गारगोटी दोन्ही पुसतो आणि नंतर त्यांना उघड्या हाताने स्पर्श करत नाही. गारगोटी चामड्याच्या तुकड्यात धरून घोड्याच्या जबड्यात घट्ट आवळा. तिची धार फ्रिझनला समांतर यायला हवी, एका कोपऱ्याने टेकणारी गारगोटी अर्ध्याच ठिणग्या देते. बंदूक रिकामी असताना संध्याकाळच्या अंधारात चाप ओढून पाहा. वाटीत पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत पडला तर ठीक. दोन-चार लालसर ठिपकेच दिसले तर गारगोटीला नवी धार काढा किंवा ती बदला. खिशात दोन तयार गारगोट्या ठेवाव्यात.

पॅचवरच्या चरबीकडेही लक्ष द्या. मेणाचं प्रमाण जास्त असलेलं वंगण थंडीत कडक होऊन गोळी बसू देत नाही. उन्हाळ्यात अनेक जण थुंकी लावून पॅच ओला करतात. हिवाळ्यात तसं केलंत तर नळीत बर्फ होईल आणि दारूही भिजेल. मऊ राहणारं वंगण घ्या, तेही अगदी थोडं लावा, दारूत उतरेल इतकं नको.

नेम बसवणं आणि सराव

सराव थंडीतच करा, ज्या कोटात शिकारीला जाणार तोच कोट घालून. जाड कोटामुळे दस्ता खांद्यापासून पुढे सरकतो, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) वेगळी दिसते आणि सप्टेंबरमध्ये बसवलेला नेम चुकतो. पहिला बार कोरड्या, थंड नळीतून कुठे लागतो ते महत्त्वाचं, कारण हरणावर तोच झाडायचा आहे.

फ्लिंटलॉकमध्ये चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत क्षणभर जातो, आणि तेवढ्यात डोळ्यांसमोर भडका उडतो. त्याने माणूस दचकतो. यावर जुना आणि उत्तम उपाय आहे. गारगोटी काढून त्या जागी लाकडाची चपटी चीप बसवा आणि रिकाम्या बंदुकीवर घरीच चाप ओढत राहा. घोडा पडल्यानंतरही माशी लक्ष्यावर टिकून राहिली पाहिजे. रोज पाच मिनिटं हे केलं तर रेंजवर महिनाभर दारू जाळण्याइतका फायदा होतो. रेंजवर मात्र चष्मा हवाच, आणि उजवीकडे कुणी उभं राहू देऊ नका. छिद्रातून बाजूला ज्वाळा निघते.

बार भरणं

हे क्रमानेच करायचं, बाहेर थंडीत, घोडा खाली आणि वाटी रिकामी असताना. नळीचं तोंड चेहऱ्यापासून दूर, आकाशाकडे ठेवा.

१. गज नळीत टाकून तो रिकाम्या नळीच्या खुणेपर्यंत उतरतो का पाहा. गजावर दोन खुणा कोरून ठेवा, एक रिकाम्या नळीची, दुसरी नीट बसलेल्या बाराची. आधीचा बार आत असताना दुसरा भरणं हा जिवावरचा खेळ आहे.

२. छिद्रात पिसाचा देठ किंवा टूथपिक खोचा. दारू भरताना छिद्र मोकळं राहतं आणि भरल्यावर ते कुठे आहे तेही कळतं.

३. दारू मापात घ्या आणि मापातूनच नळीत ओता. शिंगातून किंवा डब्यातून थेट कधीही नाही; आत एखादी ठिणगी धुमसत राहिली असेल तर हातातला डबाच उडतो.

४. नळीला हाताने हलके टपके मारा, दारू खाली बसते.

५. पॅच, त्यावर गोळी, आणि मग छोट्या सुरुवातीच्या दांडीने गोळी आत ढकला. पुढे गज नळीच्या तोंडापासून वीतभर वर धरून थोडं थोडं दाबत न्या. लांब धरलेला गज मोडतो आणि तळहातात घुसतो.

६. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. गजावरची दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आली म्हणजे झालं.

नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा छोटा तुकडा चिकटवा. बर्फ आत जात नाही, आणि गोळीच्या पुढची हवा तो आधीच उडवून देते.

रंजक

सगळ्यांत जास्त बार इथे फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

जंगलात ठरलेल्या जागी पोहोचलात, बसलात, नळी सुरक्षित दिशेला केलीत, की मगच रंजक घाला. चालताना वाटी रिकामी. टूथपिक काढा, छिद्रात बारीक तार फिरवा, वाटी कोरड्या कापडाने पुसा. मग चार एफची दारू वाटीत घाला, पण काठोकाठ नको. वाटीचा तिसरा भाग ते निम्मी, आणि छिद्राच्या खाली राहील अशी. छिद्र दारूने बुजलं तर ती आधी वातीसारखी जळत आत जाते आणि तेवढा उशीर होतो. छिद्र मोकळं असेल तर भडक्याची ज्वाळा थेट आत शिरते. फ्रिझन बंद केल्यावर बंदूक छिद्राच्या उलट बाजूला जराशी कलती करून टिचकी मारा, दाणे छिद्रापासून लांब सरकतात.

बर्फ भुरभुरत असेल तर लॉकवर चरबी लावलेलं चामड्याचं झाकण बांधा. इथले लोक त्याला गाईचा गुडघा म्हणतात, कारण पूर्वी ते त्याच कातड्याचं करत. फ्रिझन आणि वाटीच्या फटीवर बाहेरून मेणाचा पातळ हात द्या. तरीही तासाभराने रंजक बदलायचंच. वाटी उघडून पाहिलीत तर फरक डोळ्यांना दिसतो. ताजे दाणे काळेभोर, चकचकीत आणि सुटे असतात. ओल धरलेले राखाडी पडतात, कडांना गुठळी धरतात आणि वाटी उलटी केली तरी चिकटून राहतात. ते फुंकून टाकू नका, तुमच्या श्वासात वाफ असते. सुक्या ब्रशने झाडा, कापडाने पुसा, नवं घाला.

रंजकाची लहान डबी बाहेरच्या खिशात असावी. आतल्या खिशात अंगाची ऊब आणि घाम दोन्ही असतात. वाटी भरलेली असताना फ्रिझनवर चामड्याची टोपी घालून ठेवा. घोडा नुसता अर्धा ओढून अडकवून ठेवण्यावर विसंबू नका. हरीण आलं की टोपी काढायला क्षण लागतो, त्याची सवय करून घ्या.

चाप ओढला आणि नुसती वाटी भडकली, किंवा काहीच झालं नाही, तर बंदूक खाली घेऊ नका. पूर्ण मिनिटभर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवा. बार कधी कधी उशिरा उडतो.

बंदूक उबेत आणू नका

बाहेरून घरात आल्यावर चष्म्याच्या काचा धुरकटतात, तसंच थंड नळीच्या आतबाहेर पाणी सुटतं. भरलेली बंदूक अशी गरम गाडीत किंवा केबिनमध्ये आली की सकाळी बार उडत नाही, आणि उडाला तरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसायचं असेल तर हीटर बंद ठेवा किंवा जेवण बाहेर करा.

रात्रभर बार भरून ठेवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही. संध्याकाळी बंदूक रिकामी करा. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या काडतुसावर चालणारं यंत्र मिळतं. रंजक काढून टाकल्यावर ते छिद्रावर दाबायचं, वायूच्या जोराने गोळी आणि दारू तोंडातून बाहेर पडतात, अर्थात नळी मोकळ्या, मऊ जमिनीकडे धरून. थंडीत त्या काडतुसातला दाब कमी होतो, म्हणून तेवढी एक वस्तू आतल्या खिशात ठेवा. यंत्र नसेल तर सुरक्षित मातीच्या बांधावर बार उडवा. मग रिकामी बंदूक कुलूपबंद, थंड गॅरेजमध्ये ठेवता येते.

कपडे

सुती काहीही नको. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक, वर लोकरीचा थर, बाहेर वारा अडवणारा कोट. जागेपर्यंत चालताना कोट पाठीवर बांधून जा, घाम आला तर तासाभरात तोच गारठवतो. हातांना पातळ हातमोजे आणि वर मोठे मिटन्स. गोळी-पॅच हाताळताना मिटन्स काढले तरी बोटं उघडी पडत नाहीत. जिभेला जडपणा आला, बोटं वळेनाशी झाली, बार भरायचा क्रम आठवेना, तर शिकार तिथेच थांबवून गाडीकडे निघा. कुठे बसणार ते घरी सांगून ठेवा. झाडावरच्या मचाणावर हार्नेसशिवाय चढू नका, बर्फाने पायऱ्या निसरड्या होतात.

हरणं कुठे असतात

डिसेंबर संपेपर्यंत माजाचा हंगाम उरकलेला असतो, आणि रायफलच्या हंगामातून वाचलेली हरणं हुशार झालेली असतात. आता त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, खाणं आणि ऊब. बर्फाखाली ओकची फळं उरली असतील असे डोंगरउतार, कापणी झालेली मक्याची शेतं, तोडलेल्या जंगलातली कोवळी झुडपं, हे त्यांचं चरणं. विसाव्याला दक्षिणेकडे तोंड असलेले उन्हाचे उतार, हेमलॉकची दाट राई आणि माउंटन लॉरेलची झुडपं. पॉटर, टायोगा, क्लिंटन या उत्तरेकडच्या काउंट्यांत लॉरेल छातीएवढं वाढतं, आणि दहा पावलांवरचं हरीण त्यात दिसत नाही.

कडाक्याच्या थंडीत संध्याकाळची वेळ सर्वांत चांगली. विसाव्याची जागा आणि चरण्याची जागा यांच्या मधली पायवाट शोधा. बर्फात ती स्वच्छ दिसते. वारा हरणाकडून तुमच्याकडे यावा. पायवाटेपासून ३०-४० यार्डांवर, पाठीला जाड झाड घेऊन बसा. या हंगामात चार-पाच जण मिळून हाकाही करतात. हाक्यात कुणी कुठे उभं राहायचं आणि कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही हे निघण्याआधी बोलून ठरलंच पाहिजे.

गोळी फक्त आडव्या उभ्या, स्थिर हरणावर. पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वर. पळत्या हरणावर नाही, फांद्यांमधून नाही. रंजकाची शंका असेल तरीही नाही.

बार उडाल्यानंतर

समोर पांढरा धूर पसरतो आणि काही दिसत नाही. खाली वाका, धुराखालून हरणाचे पाय कोणत्या दिशेला गेले ते दिसतात. ते उभं होतं ती जागा एखाद्या झाडावरून मनात पक्की करा आणि तिथेच पुन्हा बार भरा. थंड, कोरड्या हवेत पहिल्या बाराची काजळी कडक होते, त्यामुळे दुसरी गोळी जड जाते. त्याआधी अल्कोहोलने ओलसर केलेला एक पॅच आणि मग एक कोरडा फिरवा.

अर्धा तास थांबा. बर्फावर रक्ताचा माग सोपा असतो. बुडबुडे असलेलं लाल रक्त म्हणजे फुप्फुसं लागली, हरीण जवळच असेल. काळपट रक्त किंवा हिरवट घाण दिसली तर यकृत किंवा पोट लागलं आहे. काही तास थांबून मग माग काढा आणि शोध सोडू नका. हरीण मिळाल्यावर हलवण्याआधी टॅग भरून कानाला लावा. ठरलेल्या मुदतीत गेम कमिशनला कळवा.

पोट लगेच उघडून आतडी काढा, थंडीतही मांस आतून बराच वेळ गरम राहतं. जखमेभोवतीचं मांस मोठ्या घेराने कापून टाका, मऊ शिसं पसरतं. पेनसिल्व्हेनियात २०१२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा मेंदूचा रोग आढळतो. रोगग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागातून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका.

त्याच रात्री धुलाई

काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. एक बार उडाला असेल तरी त्याच रात्री धुवा. आधी गजाने नळी रिकामी असल्याची खात्री करा. लॉक काढून वेगळं ठेवा. गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून पॅच फिरवत राहा, काळं पाणी थांबेपर्यंत. नुसत्या गरम पाण्याने एकदा खंगाळा. नळी तापते आणि लवकर सुकते. कोरडे पॅच, मग तेलाचा पातळ हात. लॉक जुन्या दातांच्या ब्रशने घासा, छिद्रातून तार फिरवा. दुसऱ्या दिवशी एक पांढरा पॅच पुन्हा फिरवून पाहा. तपकिरी आला तर गंज धरतो आहे, पुन्हा तेल द्या. आणि जंगलात जाण्याआधी ते तेल कोरड्या पॅचने पूर्ण पुसून, वाटीत एक भडका उडवूनच बार भरा.